पडद्याची घडी घालू नये

आपल्या मंडळाच्या सभागृहात रंगमंचाच्या मागल्या भिंतीवर, छताखाली हातभर अंतरावर, चार सुती पट्ट्यांच्या झोळ्यांत एक लांबलचक गुंडाळी आडवी टांगलेली आहे. नव्याने मंडळात आलेल्या कुटुंबांना ती बहुधा जुनी सतरंजी वाटते. एका उत्साही कार्यकर्त्याने तर ती अडगळ म्हणून काढून टाकावी, अशी सूचनाही मध्यंतरी कार्यकारिणीच्या बैठकीत मांडली होती. त्या गुंडाळीत गोदावरीचा घाट आहे. चोवीस फूट रुंद आणि बारा फूट उंच मांजरपाटावर रंगविलेल्या दगडी पायऱ्या, पाण्यात उतरलेली माणसे, मागे देवळांची शिखरे आणि त्यांवरचे निळे आकाश. चित्रकलेचे शिक्षक असलेल्या आपल्या एका सभासदाने १९८४ च्या उन्हाळी सुटीत शाळेच्या गच्चीवर पहाटेच्या गारव्यात हा पडदा रंगविला. राजस्थानात जन्मलेल्या आपल्या मुलांपैकी अनेकांनी नाशिक पाहिले ते प्रथम या पडद्यावर. गणेशोत्सवात प्रत्येक कुटुंबाने त्यापुढे उभे राहून छायाचित्र काढून घ्यावे, हा आपला परिपाठ तेव्हापासूनचा आहे.

मंडळाच्या पन्नास वर्षांचा वृत्तान्त या अंकात अन्यत्र जाणत्यांनी लिहिला आहे. मी केवळ या पडद्याविषयी, किंबहुना पडदा नावाच्या वस्तूच्या प्रवासाविषयी लिहिणार आहे. त्यास दोन कारणे. एक, कापडावरचे मोठे चित्र एका गावाहून दुसऱ्या गावी न चुरगळता कसे न्यावे, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर आपल्या देशात पुष्कळ बुद्धी खर्च झालेली आहे आणि तिची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही. दुसरे कारण असे की, हे शहाणपण ठाऊक नसल्यामुळे मी स्वतः या पडद्याचे एकदा मोठे नुकसान केले आहे. ती हकीकत यथास्थळी येईलच.

कापडाचा मोठा संसार पाठीवर घेऊन फिरणे आपल्याकडे नवे नाही. मोगल बादशहाची छावणी हलत असे तेव्हा तिच्यासोबत केवढा बारदाना चाले, याचा हिशेब अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त दिला आहे: शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाडे आणि शंभर भोई. हा सारा कारभार ज्या खात्याकडे असे, ते फराशखाना. पेशव्यांच्या दरबारीही हे खाते होते आणि पुण्यात फरासखाना हे नाव आजही नांदते आहे. मात्र तेथे आता पोलीस बसतात आणि तंबू-कनातींची आठवण कोणास राहिलेली नाही. कनाती आणि शामियाने घड्या घालूनच उंटावर लादले जात आणि त्यांचे फारसे बिघडत नसे. याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. कनातीवरची वेलबुट्टी ही बहुधा चिटाची, म्हणजे छापून अथवा कलमाने रंगवून धाग्यात मुरविलेली असे. मुरलेला रंग हा धाग्याचाच अंश होतो. घडी मोडली की कापड सुरकुतते. पण रंगाला इजा होत नाही, आणि दोर ताणून कनात उभी केली की सुरकुती आपोआप उतरते.

चित्र कापडाच्या अंगात नसून अंगावर असेल, तर गोष्ट पालटते. खळ देऊन घोटलेल्या कापडावर रंगाचा थर बसविला की ती दोन पदार्थांची जोडी झाली. एक वाकणारा, दुसरा वाकताना तडकणारा. अशा कापडाची घडी घातली की घडीच्या रेघेवर रंग फुटतो. म्हणून ज्यांना अशी चित्रे घेऊन गावोगाव हिंडायचे होते, त्यांनी घडी टाकून गुंडाळी स्वीकारली. आपण जेथे राहतो त्या प्रदेशात याचे उत्तम उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पाबूजींची आणि देवनारायणांची फड घेऊन फिरणारे भोपे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असतील. (आपल्याकडील तमाशाचा फड निराळा, नावावरून घोटाळा होऊ नये.) शाहपुरा आणि भिलवाडा येथील जोशी घराण्यांतील चित्रकार जाड सुती कापडाला पिठाची खळ देऊन, दगडाने घोटून त्यावर ही चित्रकथा रंगवितात. पाबूजींची फड साधारण पंधरा फूट लांब, देवनारायणांची त्याहून पुष्कळच मोठी. ती दोन काठ्यांवर गुंडाळलेली असते. रात्री दोन बांबू रोवून ती ताणायची, दिव्याच्या उजेडात गायची आणि पहाटे पुन्हा गुंडाळायची. भोप्याच्या दृष्टीने फड हे चालते देऊळ आहे, तेव्हा तिची घडी घालणे त्याच्या मनातही येत नाही. वापरून जीर्ण झालेली फड टाकून न देता पुष्करच्या सरोवरात विसर्जित करण्याची चाल आहे. तिला फड थंड करणे म्हणतात.

आता आपल्या रंगभूमीकडे वळू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्हता. त्यांच्या खेळात मागे पडदा असे, पण देखावा नसे. अरण्य आणि राजवाडा सूत्रधाराच्या पदांतून उभे राहत. असा साधा पडदा कोणत्याही गाठोड्यात बांधता येतो. रंगविलेल्या देखाव्यांची गोडी आपल्या लोकांना लागली ती मुंबईत. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने ग्रँट रोडवर १८४६ साली उभ्या राहिलेल्या नाटकगृहात विलायती धर्तीचे पडदे होते, आणि १८५३ साली भावे यांनी तेथे आपले खेळ केले. त्याच वर्षी पारशी मंडळींनी नाटके सुरू केली. पुढे त्यांच्या धनाढ्य कंपन्यांनी युरोपीय चित्रकारांकडून महाल, उद्याने आणि समुद्र रंगवून घेऊन प्रेक्षकांचे डोळे दिपविले. हा थाट पाहिल्यावर नुसत्या पदांच्या अरण्यावर मराठी प्रेक्षकाचे समाधान होणे कठीण होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे पर्व सुरू झाले. त्याबरोबर रंगीत पडद्यांचेही.

आणि नेमक्या याच काळात आगगाडी आली होती. मुंबई-ठाणे मार्ग १८५३ चा, बोरघाटातून पुण्याची वाट खुली झाली ती १८६३ साली. नाटक मंडळी आता सांगली-पुण्यापुरती राहिली नाही. ती हुबळी-धारवाड, इंदूर, बडोदे, नागपूर, हैदराबाद अशी हिंडू लागली. नटांची ने-आण सोपी होती, ते पायांनी चालतात. पेट्यांतले शेले-शालूही सोपे. खरी पंचाईत पडद्यांची. दर्शनी पडदा, रस्ता, राजवाडा, उपवन, अरण्य, तुरुंग, शिवाय विंगा आणि झालरी, एवढे तरी प्रत्येक कंपनीपाशी हवेच. एकेक पडदा रंगमंचाएवढा रुंद. त्याची घडी घालून पेटी भरावी तर पुढच्या गावी राजवाड्याच्या भिंतीवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. आणि गुंडाळून कळकावर ठेवावा, तर वीस-पंचवीस फुटी कळक मालगाडीच्या वाघिणीच्या दारातून आत कसा न्यायचा, हा प्रश्न.

कंपन्यांनी गुंडाळीचा पक्ष घेतला. यामागे एक योगायोग होता, आणि मला तो या साऱ्या कथेतील सर्वांत मनोरंजक भाग वाटतो. विलायतेतील मोठ्या नाटकगृहांत रंगमंचाच्या वर तेवढीच उंच पोकळी ठेवलेली असते. पडदा सरळ उचलून त्या पोकळीत नाहीसा करता येतो. आपल्या फिरत्या मंडळींना अशी पोकळी कोठून मिळणार? कापडी मांडव, पत्र्याचे छप्पर, कोठे एखाद्या वाड्याचा चौक. तेव्हा पडदा उघडायचा तो गुंडाळूनच. पडद्याची वरची कड आढ्याला बांधलेली, खालच्या कडेत कळक घातलेला. दोर आढ्यावरून पडद्यामागून खाली येऊन, कळकाखालून वळून पुढून वर जाई आणि कप्पीवरून विंगेत उतरे. विंगेतल्या माणसाने दोर ओढला की कळक स्वतःभोवती फिरत वर चढे आणि पडदा त्यावर लपेटला जाई. म्हणजे प्रयोगात पडदा उघडण्याची जी क्रिया, तीच त्याच्या साठवणीची क्रिया. खेळ संपला की वरच्या गाठी सोडायच्या, गुंडाळी खांद्यावर घ्यायची, गोणपाटात बांधून सुतळीने आवळायची आणि गाडीवर घालायची. पडदा सबंध आयुष्यात घडीच्या वाट्यास जात नसे.

गुंडाळणे म्हटले की सोपे वाटते. पण त्यातही खुब्या आहेत आणि त्या पडदा शिवण्यापासून सुरू होतात. मांजरपाटाचा पन्हा अरुंद. दोन-चार हात रुंदीच्या पट्ट्या जोडल्याखेरीज मोठा पडदा होत नाही. या पट्ट्या उभ्या जोडाव्या की आडव्या? उभ्या जोडल्या तर गुंडाळताना प्रत्येक शिवण स्वतःवरच येऊन बसते. दहा-बारा वेढ्यांनंतर त्या जागी उंचवटा होतो, आजूबाजूचे कापड सैल राहते आणि सैल कापडाला चुण्या पडतात. आडव्या जोडल्या तर प्रत्येक शिवण कळकाला समांतर राहते, वेगवेगळ्या वेढ्यांत विखुरली जाते, आणि टांगल्यावर खालच्या कापडाच्या भाराने ती ताठ सपाट होते. म्हणून जाणता कारागीर शिवण आडवी घेतो.

मग रंग. सरस आणि खडूच्या भुकटीचा पातळ हात देऊन कापड वाळवायचे आणि त्यावर सरसातच कालविलेले रंग लावायचे. सरस कमी पडला तर रंग हाताला लागतो. अधिक झाला तर पडदा पापडासारखा ताठ होतो आणि पहिल्याच गुंडाळीत तडकतो. रंगाचा थर जितका पातळ, तितका पडदा दीर्घायुषी. असे रंग चकाकत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. दिव्यांच्या प्रकाशात तेलरंग जेथे आरशासारखा चमकेल तेथे हे शांत दिसतात. मोठा अवगुण असा की त्यांना पाणी चालत नाही. पावसाचे चार थेंबही डाग ठेवून जातात. त्याच अवगुणाचा उपयोगही होई. नाटक जुने झाले की पडदा धुऊन त्याच कापडावर नवा देखावा रंगविता येई. कापडाला मोल होते. आपल्या जुन्या कंपन्यांचे पडदे आज फारसे पाहावयास मिळत नाहीत, यास उंदीर आणि वाळवी जितकी कारण, तितकीच ही काटकसरही.

या कलेला कोल्हापुरात प्रतिष्ठा लाभली. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या भावांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नाटक मंडळ्यांसाठी असे पडदे रंगविले की लोक त्यांना 'पेंटर' याच नावाने ओळखू लागले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल 'प्रभात'चे आधारस्तंभ झाले, हे सर्वश्रुत आहे. ललितकलादर्श मंडळीत पु. श्री. काळे यांनी लोंबत्या पडद्यांऐवजी चौकटीवर ताणून बसविलेल्या कापडाच्या भिंती उभ्या केल्या. चौकटीवरचे कापड सुरकुतत नाही. पण सामान वाढते. खरेखुरे घर रंगमंचावर दिसावे ही हौस पुरविताना वाघिणी वाढल्या. पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि या साऱ्या सामानाचे ओझे वाहणे अनेक मंडळ्यांना अशक्य होऊन बसले.

मात्र गुंडाळीच्या पडद्यांची परंपरा सर्वस्वी संपली असे समजू नये. तिचा एक जिवंत धागा आपल्यासारख्याच, घरापासून दूर गेलेल्या मराठी माणसांच्या हाती राहिला. आंध्रातील कडप्पा जिल्ह्यातील सुरभी गावी १८८५ साली वनारस गोविंदराव यांनी 'कीचकवधम्' केले आणि त्यातून सुरभी नाटक मंडळ्यांचा विस्तार झाला. ही घराणी मूळची महाराष्ट्रातील, चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारी. पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू रंगभूमीची सेवा करून ती तेलुगूच झाली आहेत. परंतु रंगीत पडद्यांचे देखावे, ते क्षणात वर-खाली करण्याचे कसब आणि सबंध कुटुंबाने मिळून तो संसार बांधण्या-सोडण्याची शिस्त त्यांनी जतन केली.

येथवर नाटकाचा पडदा झाला. आमचा घाट मात्र नाटकापेक्षा छायाचित्रांसाठी अधिक वापरला गेला, तेव्हा त्या दुसऱ्या घराण्याविषयीही सांगितले पाहिजे. छायाचित्रणाची विद्या १८३९ साली जाहीर झाली आणि अवघ्या दोन वर्षांत, १८४१ मध्ये, लंडनच्या अंत्वान क्लोदे याने माणसामागे रंगीत पडदा उभा करण्याच्या युक्तीवर हक्क नोंदविला. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते. त्यानंतर गावोगावच्या छायाचित्रगृहांत खांब, कठडा, जिना आणि दूरवरचे तळे असलेला पडदा अपरिहार्य झाला. आपल्या आजोबांच्या छायाचित्रातले ते तळे कोणत्या गावचे, याचा शोध घेऊ नये. ते मांजरपाटावरचे आहे. इकडे नाथद्वाऱ्यात तर यात्रेकरूंच्या छायाचित्रांतील चेहरे कापून श्रीनाथजींच्या रंगविलेल्या चित्रात बसविण्याची प्रथा पडली. तेथे पडदाही नको आणि त्याची वाहतूकही.

हे दोन्ही धंदे, रंगभूमीचा पडदा आणि छायाचित्राचा पडदा, कधी कधी एकाच माणसाच्या हातांत आले. दादासाहेब फाळके यांनी गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान थाटले होते. तेथे प्लेगने त्यांचा संसार उद्ध्वस्त केला. पुढे बडोद्यात, छायाचित्र काढले की आयुष्य घटते या लोकभ्रमामुळे धंदा चालेना, तेव्हा त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. 'राजा हरिश्चंद्र'कार होण्याआधीची ही उमेदवारी आहे. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या पंडित सातवळेकरांनीही ऐन उमेदीच्या काळात लाहोरास चित्रकला आणि छायाचित्रणाचा व्यवसाय केला. परमुलखात मराठी माणूस कॅमेरा आणि कुंचला घेऊन गेला, याची ही ठळक उदाहरणे. निनावी तर असंख्य. जत्रेत तंबू ठोकून ताजमहाल, विमान किंवा विठ्ठल-रखुमाई यांच्या पुढ्यात गिऱ्हाइकाला उभे करणारा छायाचित्रकार आपण पाहिलेला आहे. त्याचा पडदा बांबूवर गुंडाळलेला असे आणि एस.टी.च्या टपावर, ताडपत्रीत बांधून, पुढच्या जत्रेला जाई.

छायाचित्राच्या पडद्याला सुरकुती अधिक जाचते, ही गोष्ट मी अनुभवाने शिकलो. रंगभूमीवर प्रेक्षक दूर असतो आणि नटाकडे पाहत असतो. कॅमेरा कोणाकडेच पाहत नाही. त्याला सारे सारखे. त्यातून प्रकाश एका बाजूने आला की प्रत्येक चुणीची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते, आणि कापडावर हाताला न जाणवणारी रेघ छायाचित्रात कोरल्यासारखी उमटते. यावर जुन्या छायाचित्रकारांचा उपाय साधा होता. माणसांना पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे उभे करायचे, म्हणजे पडदा किंचित अस्पष्ट होतो, आणि पडद्यावर समोरून, दोन्ही अंगांनी सारखा प्रकाश पाडायचा. पण हा उपाय चुणीवर चालतो. फुटलेल्या रंगावर नाही.

आता माझ्या अपराधाकडे येतो. १९९३ साली सभागृहाची दुरुस्ती निघाली. त्या वेळी मी मंडळाचा चिटणीस होतो. सामान एका सभासदाच्या गोदामात हलवायचे होते. पडद्याचा कळक सव्वीस फुटी. तो टेम्पोत मावेना. मोठी गाडी करायची तर भाडे दुप्पट. मी हिशेबी माणूस. कळकाच्या दोऱ्या सोडल्या, पडद्याची व्यवस्थित, अगदी कडेला कड जुळवून घडी घातली, लोखंडी पेटीत ठेवली आणि पेटीवर महाप्रसादाची पातेली रचली. घडी इतकी नेटकी झाली होती की मला तिचे कौतुक वाटले. पेटी मार्चपासून ऑगस्टपर्यंत गोदामात होती. आधी उन्हाळा, मग पावसाची ओल.

सुताची प्रकृतीच अशी आहे की ओल, दाब आणि काळ ही त्रयी एकत्र आली की धागा ज्या आकारात असेल तो आकार धरून बसतो. परटाची इस्त्री याच तत्त्वावर चालते; पाणी शिंपडायचे, दाब द्यायचा, वाळवायचे. मी गोदामात सबंध पावसाळाभर पडद्याला उलटी इस्त्री करीत होतो. गणेशोत्सवाच्या आदल्या दिवशी पेटी उघडली. पेटीच्या तळाशी निळ्या-तांबड्या रंगाची भुकटी साचली होती. पडदा टांगला तेव्हा घाटावर पांढऱ्या रेघांची खिडकीसारखी जाळी दिसली. देवळाची शिखरे चौकोनांत कापली गेली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. मी पडद्याच्या पाठीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरविली. सरसाच्या रंगाला पाणी वर्ज्य, हे तेव्हा मला कोण सांगणार? आकाशाचा निळा रंग सुटून खाली ओघळला आणि जेथे पाणी वाळले तेथे तपकिरी कडा उमटल्या. त्या वर्षीची कुटुंबांची छायाचित्रे ज्यांच्यापाशी आहेत त्यांनी ती पाहावीत. डाव्या अंगास, शिखरांच्या वर, ढगासारखा जो डाग दिसतो तो ढग नव्हे.

पडदा रंगविणारे गुरुजी तोवर सेवानिवृत्त झाले होते. मी त्यांच्या घरी गेलो आणि सर्व सांगितले. ते दुसऱ्या दिवशी सभागृहात आले, बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिले, आणि म्हणाले, "अहो चिटणीस, शिडी आणा." त्यापुढील दोन महिन्यांत त्यांनी मला जे शिकविले तेच वर ठिकठिकाणी लिहिले आहे. प्रथम त्यांनी पडदा नुसता टांगून ठेवला. खालच्या कडेत कळक, कळकाला समान अंतरावर विटा. पंधरवड्यात साध्या सुरकुत्या स्वतःच्या भाराने उतरल्या. पाणी नाही, इस्त्री नाही. मग फुटलेल्या रेघांवर बारीक कुंचल्याने पातळ रंग भरला. आकाशाचा डाग त्यांनी पुसला नाही. सबंध आकाश पुन्हा रंगविले तर थर जाड होईल आणि पुढे तडकेल, म्हणाले. म्हणून तो आजही आहे.

त्यानंतर त्यांनी साठवणीची व्यवस्था बदलली. तीन इंची कळकावर रंगविलेले कापड फार आवळून वळते; वळण जितके मोठे तितका रंगावर ताण कमी. म्हणून सुताराकडून फुटभर व्यासाचे, लाकडी चकत्यांवर पट्ट्या ठोकलेले पोकळ पिंप करून घेतले; तेही साडेआठ फुटांच्या तीन भागांत, बोल्टांनी जोडता येईल असे. साध्या गाडीतून पडदा न्यायचा प्रसंग आलाच, तर भाग सुटे करून पिंप आधी पोहोचवावे, आणि पडदा तेवढ्या वेळापुरता, घडी न घालता, रुंदीच्या दिशेने सैल गुंडाळून न्यावा. पोहोचताच पिंपावर चढवावा. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची. पुष्कळांना हे उलटे वाटते. परंतु रंग आत राहिला तर वळणात तो दाटतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेर राहिला तर किंचित ताणतो आणि पडदा सोडल्यावर पूर्ववत मिटतो. प्रत्येक वेढ्याबरोबर जुन्या, धुतलेल्या मऊ धोतरांचा पदर आत घ्यायचा, म्हणजे रंगाला कापडाची पाठ घासत नाही. सर्वांत महत्त्वाचा तो पहिला वेढा. तो बोटभर जरी तिरपा गेला, तरी शेवटापर्यंत तिरप्या चुण्या पडत जातात. मग सारे उलगडून पुन्हा सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नाही. वरून सुती चादर. प्लास्टिक नको, त्यात ओल कोंडते. गुंडाळी जमिनीवर टेकवायची नाही, टांगायची. म्हणजे खालच्या बाजूस दाब बसत नाही आणि सरसाच्या वासाने येणाऱ्या उंदरालाही वाट सापडत नाही. कडूनिंबाची पाने दर पावसाळ्यानंतर बदलायची.

आता नव्या कार्यकर्त्यांचा आग्रह छापील पडद्यांचा असतो आणि त्यात गैर काही नाही. पॉलिएस्टरच्या कापडावर रंग तंतूतच मुरविलेला असतो. तो जुन्या कनातीच्या कुळातला. त्याची घडी घातली तरी रंग फुटत नाही, आणि पडलेली सुरकुती बेताच्या वाफेने, पाठीमागून, निघते. फ्लेक्सचे मात्र तसे नव्हे. तो चिवट असला तरी प्लास्टिकच. घडीची रेघ त्यावर बसली की जाता जात नाही आणि आपल्याकडील उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत तर मुळीच नाही. गेल्या काही वर्षांतले आपले तीन फ्लेक्स वर्षभर घडी करून कपाटात ठेवले आणि पुढच्या वर्षी टाकून द्यावे लागले. त्यांनाही गुंडाळणेच श्रेयस्कर.

सुवर्णमहोत्सवाच्या समारंभात घाटाचा पडदा लागणार आहे आणि सर्व कुटुंबांचे एकत्र छायाचित्र त्यापुढे निघणार आहे. त्यासाठी कार्यकारिणीस माझी एवढी विनंती आहे की, पडदा सकाळी घाईघाईने न सोडता आदल्या रात्रीच सोडून ठेवावा, खाली विटा बांधाव्या आणि रात्री सभागृहातले पंखे बंद ठेवावेत. उतरविताना सहा माणसे हवीत; दोन शिडीवर, दोन पिंपापाशी, दोन मधल्या झोळीखाली. पहिला वेढा मी घालीन.